शास्त्र करावं की शेरेबाजी?

पत्राचा गोषवारा, ओळख पटेल असे तपशील गाळून :

पत्रलेखिका सांगलीच्या, तिशीच्या आसपासच्या. एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर भाषाविज्ञान शिकवतात. माणदेशी बोलीतले आघात आणि बोलण्याची सुरावली या विषयावर त्यांची पीएच.डी. चालू आहे, प्रबंधाची शेवटची दोन प्रकरणं राहिली आहेत. गेली काही वर्षं त्या एका पुरुषी टोपणनावानं इंटरनेटवर रॉक संगीताची परीक्षणं मराठीत लिहितात. वाचक थोडे, पण नेमानं वाचणारे. अलीकडे एका सहकाऱ्यानं लिहिण्याच्या लकबीवरून त्यांना ओळखलं आणि गोष्ट मार्गदर्शक सरांच्या कानावर गेली. सर रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "एक तर शास्त्र कर, नाहीतर शेरेबाजी. दोन्ही एका तोंडानं होत नाही." महिन्याभरात कायम पदासाठी मुलाखत आहे. लिखाण बंद करावं, उघडपणे स्वतःच्या नावानं करावं, की मैत्रीण म्हणते तसं पीएच.डी.नंतर रॉकच्या गीतांवरच संशोधन करावं, असे तीन रस्ते त्यांना दिसतात. आईचं म्हणणं, "गाण्यावरच लिहायचं तर भजनावर लिही, चार माणसं नाव तरी घेतील." पत्राच्या शेवटी त्या ओघात सांगतात, की नुकतंच त्यांनी एका स्थानिक बँडवर कडक लिहिलं आणि त्यातली दोन मुलं त्यांच्याच वर्गात आहेत. ती मुलं परीक्षण मोबाइलवर दाखवून विचारायला आली, "मॅडम, तुम्ही भाषेच्या आहात. हा माणूस म्हणतो ते खरं आहे का?" मॅडम म्हणाल्या, "बघते." पत्राचा शेवट असा : "मी नक्की कोण, हे आता ठरवायला हवं ना?"

नमस्कार.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते : नको, ठरवायला नको. निदान या महिन्यात तर नकोच. मात्र एक गोष्ट या महिन्यातच करायला हवी, आणि ती तुमच्या तीन रस्त्यांपैकी एकाही रस्त्यावर नाही.

पत्राची जवळजवळ सगळी पानं सर, मुलाखत आणि आई यांच्यात खर्च झालीत. त्या दोन मुलांच्या वाट्याला आल्यात चार ओळी, त्याही 'जाता जाता सांगते' म्हणून. मी तिथंच अडले. सरांचं मत पटेल न पटेल, नोकरी लागेल न लागेल. मुलांनी मात्र समोर येऊन तुम्हाला एक सरळ प्रश्न विचारलाय आणि तुम्ही तो 'बघते' म्हणून तसाच ठेवलाय.

पत्रासोबत ते परीक्षण जोडलंत, बरं केलंत. चांगलं लिहिता तुम्ही. माझा कान नाट्यसंगीतावर पोसलेला, तरी गिटार मागे पडून ड्रम पुढे आल्यावर दुसरं गाणं कसं विस्कटतं ते मला नीट कळलं. आणि मग ती ओळ येते : 'आटपाडीच्या पोरानं रात्र म्हणताना जीभ अमेरिकेला कशाला धाडावी?' मी हसले. पण ते पोरगं हसलं नसणार. हसलं असतं तर मॅडमकडे खरं-खोटं करायला आलं नसतं.

परीक्षकानं कडक लिहू नये असं मी म्हणणार नाही. गाणं चारचौघांत आणलं की चारचौघांचं ऐकून घ्यावं लागतं. इथली अडचण निराळी आहे. त्या मुलांचे अंतर्गत गुण तुमच्या हातात आहेत. तुम्ही वर्गात भुवई उंचावली तरी त्यांना फरक पडतो. अशा मुलांवर तुम्ही नाव झाकून लिहिलंत, आणि ती तुम्हाला पंच समजून आली तेव्हा आपण या भांडणातला एक पक्ष आहोत हे सांगितलं नाहीत. तेवढं दुरुस्त करायचंय.

त्यांना सांगा. दोघांनाच बोलवा, तास संपल्यावर, रिकाम्या वर्गात. लांबलचक प्रस्तावना नको. 'ते परीक्षण मी लिहिलंय. तुम्ही विचारलंत तेव्हाच सांगायला हवं होतं.' मताबद्दल माफी मागू नका. मत तुमचं आहे आणि बऱ्याच अंशी बरोबर आहे. माफी मागायची ती 'बघते'बद्दल. इथून पुढे आपल्या महाविद्यालयातल्या मुलांच्या बँडवर तुम्ही लिहिणार नाही, हेही त्याच बैठकीत सांगून टाका. त्या दोघांचे या सत्राचे अंतर्गत गुण दुसऱ्या कुणी तपासावेत असं वाटलं तर विभागप्रमुखांना तसं सुचवा. आता तुमच्याकडे कारण आहे. गप्प राहून हे करता येणार नाही, कारण मग कारणच सांगता येणार नाही.

'मुलाखत होऊन जाऊ दे, मग सांगते' हा विचार तुमच्या मनात येणार. त्यात शहाणपण नाही असंही नाही. मुलं बोलतील, दोन दिवसांत कँटीनपासून कार्यालयापर्यंत बातमी जाईल. पण बातमी अर्धी फुटलीच आहे. सहकाऱ्याला कळलं, सरांना कळलं. मुलांना ती तिसऱ्याच कुणाकडून कळली, तर तुमच्या परीक्षणातली ओळ ती विसरतील आणि तुमचं 'बघते' आयुष्यभर लक्षात ठेवतील. ती भडकून प्राचार्यांकडे गेली तर? जाऊ शकतात. गेली तर प्राचार्यांना सांगायला तुमच्याकडे काही असेल : मीच त्यांना सांगितलं. हा धोका पत्करावा असं माझं मत आहे.

आता सर. त्यांचं वाक्य तुम्हाला इतकं लागलं, कारण त्यात थोडं तथ्य आहे. भाषाविज्ञानाची सगळी शिस्त कसली, तर लोक काय बोलतात, कसं बोलतात ते टिपायचं. चांगलं-वाईट, शुद्ध-अशुद्ध ठरवायला बसायचं नाही. माणदेशातल्या म्हसवडच्या किंवा दिघंचीच्या आजींसमोर रेकॉर्डर ठेवून कुणी 'आजी, हे चुकलं' म्हणत नाही. परीक्षकाचं काम बरोबर उलट. त्यानं चांगलं-वाईट सांगितलं नाही, तर त्याला वाचायचं कशाला? सर म्हणतात ते एवढंच आहे, की ज्या माणसाला सकाळी निवाडा न करण्याची सवय लावायची, त्यानं रात्री निवाडे करत बसू नये, सवय बिघडते. तुमच्या त्या जीभ-अमेरिकेच्या ओळीत ती थोडी बिघडलेली दिसते, असं कुणी म्हणालं तर मी वाद घालणार नाही.

पण यातून 'दोन्हींपैकी एक निवडा' असं निघत नाही, आणि याची उत्तरं सरांच्याच शास्त्रात आहेत.

पीटर ट्रडगिल हे नाव तुमच्या घरातलंच. इंग्लंडच्या नॉरिच शहराच्या बोलीवर काम केलेला माणूस. ब्रिटिश पोरं गायला लागली की अमेरिकनांसारखी का बोलतात, हा प्रश्न त्यानं गंभीरपणे घेतला आणि १९८३ साली त्यावर लिहिलं. एरवी बोलताना स्वरानंतरचा जो र ती मुलं उच्चारत नव्हती, तो गाताना उच्चारत होती. कारण त्यांच्या लेखी हे संगीत अमेरिकेचं, आणि ज्याचं संगीत त्याच्यासारखं तोंड करायचं. मग त्यानं बीटल्सच्या एकामागून एक रेकॉर्डी तपासल्या. १९६३पासून पुढे तो उसना र कमी कमी होत गेलेला दिसला. संगीत आपलं झालं, तसं तोंडही आपलं झालं. सत्तरच्या दशकात पंक या बंडखोर रॉकचे बँड आले आणि त्यांनी लंडनच्या कामगारवस्तीतले उच्चार मुद्दाम गाण्यात आणले. या ओढाताणीचीही दखल ट्रडगिलनं घेतली. पुढे २००९ मध्ये भाषावैज्ञानिक जोन बील यांनी शेफील्डच्या आर्क्टिक मंकीज या बँडवर लिहिलं, की ही मुलं आपल्या गावच्या उच्चारात गातात आणि ते ऐकणाऱ्याला काहीतरी सांगतं.

म्हणजे तुमच्या विद्यार्थ्याची जीभ अमेरिकेला का जाते, याचं उत्तर तुम्हाला ठाऊक आहे. परीक्षण लिहिताना तुम्ही ते विसरलात. तिथं तुम्ही असं लिहिलं असतंत, की हा मुलगा अजून पाहुण्याच्या घरात गातोय, पहिल्या आणि चौथ्या गाण्यात उच्चार उसना आहे, पण तिसऱ्या गाण्यात आईशी बोलावं तसा एक हेल येतो आणि तिथंच गाणं उभं राहतं, तर टीका तेवढीच कडक झाली असती आणि मुलाला पुढचं गाणं कसं गायचं तेही कळलं असतं. तिसऱ्या गाण्याबद्दलचं हे निरीक्षण माझं नाही, तुमचंच आहे. तुम्ही ते कंसात टाकून पुढे गेलात. माणदेशी हेलावर वर्षानुवर्षं काम करणाऱ्या बाईनं ते कंसात टाकावं, याचं मला नवल वाटलं. सरांना जे भय आहे ते शास्त्रात शेरेबाजी घुसण्याचं. मला तुमच्या लेखनात उलटाच प्रकार दिसतो : परीक्षण लिहायला बसताना तुम्ही शास्त्र दाराबाहेर ठेवून येता.

दुसरं उदाहरण अर्नोल्ड झ्विकी. अमेरिकन भाषावैज्ञानिक. रॉकच्या गीतांमधली यमकं कच्ची असतात, जुळत नाहीत, असं शाळामास्तरी मत सर्रास असायचं. झ्विकीनं १९७६ मध्ये दाखवून दिलं, की त्या 'कच्च्या' यमकांनाही नियम आहेत. एक तर म आणि न यांच्यासारखे जवळचे व्यंजनध्वनी एकमेकांशी जुळवतात, नाहीतर एका शब्दाच्या शेवटी एखादं व्यंजन जास्तीचं असलं तर ते जमेस धरत नाहीत. स्वैरपणा नव्हता, पद्धत होती. गाणी आवडल्याशिवाय कुणी एवढं कान देऊन ऐकत नाही.

आणि बाहेर कशाला जायचं? अशोक केळकर. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातून भाषाविज्ञानाची पीएच.डी. घेऊन आलेले, डेक्कन कॉलेजात शिकवलेले, हिंदी-उर्दूच्या अभ्यासासाठी जगभर माहीत असलेले. ते कवितेवर लिहीत, सौंदर्यशास्त्रावर लिहीत, समीक्षेवर लिहीत. त्यांना २०१० सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तो 'रुजुवात'साठी, म्हणजे याच दुसऱ्या अंगाच्या लेखनासाठी. सरांनी केळकर नक्की वाचलेले असणार. भांडायला जाऊ नका; पण बोलणं निघालं तर हे नाव घ्यायला हरकत नाही.

सरांशी बोलणं काढाच, आणि तुम्हीच काढा. आजवर त्यांना जे कळलं ते दुसऱ्याकडून. मार्गदर्शकाला बहुतेक वेळा विद्यार्थ्याच्या छंदाचा राग नसतो, प्रबंध रखडण्याचं भय असतं. ते सरळ न बोलता तत्त्वाच्या भाषेत बोलतात. तुम्हीही लिहिलंय, की प्रकरण अडलं की तुम्ही परीक्षण लिहायला घेता. हे तपासा. दोन तास दुसरं काही लिहून पुन्हा प्रकरणाकडे येत असाल तर ती विश्रांती आहे. आठवडा जात असेल तर पळवाट. दोन प्रकरणांच्या तारखा लिहून न्या, सरांसमोर ठेवा आणि सांगा की तोवर परीक्षणं कमी होतील, एक प्रकरण त्यांच्या हातात पडल्याशिवाय नवीन परीक्षण लिहिणार नाही. ते मग तुम्हाला शेरेबाजीबद्दल पुन्हा विचारतील असं मला वाटत नाही.

मैत्रिणीच्या सल्ल्याबद्दल मला शंका आहे. सगळ्यांना तो हुशारीचा वाटेल, कारण त्यात दोन भांडणारी माणसं एका खोलीत कोंडून प्रश्न मिटवल्यासारखा दिसतो. पण रॉकवर संशोधन करायचं म्हणजे गाणी निवडायचे निकष आले, आधीच्या अभ्यासाचा आढावा आला, आकडे आले, आणि 'हे गाणं मला आवडलं नाही' हे लिहायची सोयच गेली. परीक्षणात तुम्ही घाई करू शकता, पक्षपात करू शकता, पुढच्या महिन्यात मत बदलू शकता. तुमच्या आठवड्यात ही मोकळीक देणारी तेवढी एकच जागा आहे असं पत्रावरून वाटतं. तिचा प्रकल्प कशाला करायचा? उद्या एखादा प्रश्न आपणहून मानगुटीवर बसला, मराठी शब्दांतला आघात आणि चार मात्रांचा ठोका यांचं गाताना काय होतं, असा, तर करा की. तो तुमच्या प्रबंधाचाच पुढचा पाय आहे. पण छंदाला सरकारमान्य करण्यासाठी संशोधन काढू नका.

एक पथ्य मात्र आजपासून पाळा. माणदेशातल्या लोकांनी तुम्हाला जे ध्वनिमुद्रण करू दिलं ते संशोधनासाठी. त्यातला एखादा मासलेवाईक वाक्प्रयोग परीक्षणात फोडणीला टाकायचा मोह होईल. टाकू नका. त्यांनी त्याला होकार दिलेला नाही.

टोपणनाव. तुम्ही ते गुन्ह्यासारखं लपवताय आणि मराठीत तर ती जुनी वहिवाट आहे. गडकरी नाटकं स्वतःच्या नावानं लिहीत, कविता 'गोविंदाग्रज' म्हणून आणि विनोद 'बाळकराम' म्हणून. जयवंत दळवी 'ललित' मासिकात 'ठणठणपाळ' होऊन भल्याभल्यांची टोपी उडवत. शांता शेळक्यांनी काही गाणी 'डॉ. वसंत अवसरे' या पुरुषी नावानं लिहिली. केशवराव भोळे तर स्वतः गायक आणि संगीतकार; त्यांनी आपल्या काळच्या गायकांवर 'एकलव्य' या नावानं लिहिलं. तेव्हा 'दोन नावं म्हणजे दुटप्पीपणा' हे मनातून काढून टाका. (तुमच्या पुरुषी टोपणनावाला 'मी गेलो, मी ऐकत बसलो' असं लिहावं लागतं, त्याचं ओशाळेपण वाटतं म्हणता. अहो, सांगली-कोल्हापूरकडच्या किती बाया रोज 'मी आलो' म्हणतात, हे मी तुम्हाला सांगायचं का?)

टोपणनावाखाली राहावं की बाहेर यावं, याचा निर्णय मी तुमच्यावर सोडते, पण माझा कल राहावं याकडे आहे. त्या नावानं तुम्हाला एक आवाज मिळालाय, वाचक त्या आवाजाला ओळखतात, आणि 'सहायक प्राध्यापक अमुक अमुक' असं खाली आलं की तुम्ही वाक्यं इस्त्री करून लिहायला लागाल. फक्त ते नाव कुलूप आहे अशा भ्रमात राहू नका. २०१३ साली जे. के. रोलिंग दुसऱ्याच नावानं लिहितात हे बाहेर आलं, तेव्हा संशय पक्का करायला शब्दांची लांबी आणि नेहमीचे बारीक शब्द मोजणारं विश्लेषण वापरलं गेलं होतं. तुमच्या सहकाऱ्यानं तेच नुसत्या कानानं केलं. भाषा शिकवणाऱ्यांच्या गराड्यात बसून लकब लपत नाही. म्हणून उद्या नाव उघडं पडलं तरी ज्यानं मान खाली जाणार नाही तेवढंच लिहायचं. आणि आपल्या परिचयात एक ओळ घालून ठेवायची, की हे टोपणनाव आहे, लिहिणारी व्यक्ती शिक्षक आहे आणि आपल्या विद्यार्थ्यांच्या किंवा परिचितांच्या बँडवर लिहीत नाही. तुम्ही बाई आहात हे सांगायलाच पाहिजे असं नाही. वाचक 'दादा' म्हणतात तर म्हणू देत.

'सांगलीत बसून रॉकवर लिहिणं हास्यास्पद आहे का' असंही एका ठिकाणी विचारलंय. हे कुणी तुमच्या डोक्यात घातलं? भारतातल्या रॉकला वाहिलेलं 'रॉक स्ट्रीट जर्नल' हे मासिक १९९३ मध्ये निघालं ते अलाहाबादहून, मुंबई-बंगळूरहून नव्हे. आणि सांगली-मिरज म्हणजे काही कान नसलेला मुलूख नाही. इथं १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी नाटक उभं केलं; पुढे संगीत नाटकात परदेशी ऑर्गन आला तेव्हा आपल्या लोकांनी तो असा आपलासा केला की आज तो परका होता हे आठवावं लागतं. मिरजेच्या सतारी-तानपुऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, अब्दुल करीम खाँसाहेब तिथंच विसावलेत. गणपतीच्या मिरवणुकीतली बेंजो पार्टी ऐकलीय ना? विजेवर चालणारा बेंजो, फाटेस्तोवर चढवलेला आवाज, समोर नाचणारी हजार पोरं. माझी झोप मोडते, पण त्या वाजवणाऱ्यांना इलेक्ट्रिक गिटार म्हणजे काय हे समजावून सांगायची गरज पडणार नाही. त्या बेंजोवर कुणी गंभीरपणे लिहिलेलं माझ्या तरी वाचनात नाही. तुम्ही लिहाल का?

मुलाखतीचं थोडक्यात. तिथं परीक्षणांना गुण नाहीत, आणि ती शोधनिबंधांच्या यादीत घुसडायची नाहीत. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१८च्या नियमावलीत महाविद्यालयातल्या सहायक प्राध्यापक पदाच्या छाननीचा जो तक्ता आहे, त्यात पीएच.डी.ला २५ गुण आहेत आणि सगळे शोधनिबंध मिळून जास्तीत जास्त ६. तुमची चिंता कुठं असायला हवी ते यावरून कळतं : छंद लपवण्यापेक्षा प्रबंध संपवण्यात. अर्जात 'इतर लेखन' असा रकाना असला तर 'संगीतविषयक परीक्षणं, मराठीतून' एवढी एक ओळ पुरे. कुणी विचारलंच तर हसून टाळू नका आणि बचावही करू नका. ट्रडगिलचं काम दोन वाक्यांत सांगा आणि त्यावरून माणदेशी हेलावर या. पाचव्या वाक्याला तुम्ही स्वतःच्या प्रबंधावर बोलत असाल. समितीत एखादा तरी माणूस कंटाळलेला असतो, तो जागा होईल. समजा, परीक्षणांमुळेच कुणी नाक मुरडलं आणि पद गेलं, तर? तसं होणं अशक्य नाही. पण तासिका तत्त्वावर काढलेल्या वर्षांनंतर तुम्हाला माहीत आहे की पदं जाण्याची कारणं बहुधा याहून फार वेगळी असतात.

तुमच्यासारखी पत्रं अधूनमधून येतात. तहसील कचेरीत बसून गझला लिहिणारे, बँकेत काम करून कुस्तीवर लिहिणारे. त्यांच्यासाठी एक व्यवहाराची गोष्ट : कायम नोकरी लागली की सेवाशर्ती स्वतः वाचा. साहित्य-कलेचं लेखन आणि मानधनाचं काम यांत नियम बहुतेक ठिकाणी फरक करतात. पैसे मिळणार असतील तर परवानगी लागते का ते आधी लेखी विचारून घ्या आणि उत्तराची प्रत घरी ठेवा. आणि जिथं आपल्या हाताखालच्या माणसाबद्दल लिहायची वेळ येईल तिथं लेखणी खाली ठेवा, मग टोपणनाव कितीही जुनं असो.

आईंचं राहिलं. त्या भजनाचं म्हणतात ते थट्टेवारी नेऊ नका. त्यांना तुमचं लिखाण नकोय असं त्या वाक्यात कुठं आहे? ते चार माणसांत सांगता येत नाही याची त्यांना खंत आहे. तुमचं एखादं परीक्षण त्यांना वाचून दाखवा. हे बेंजोवालं लिहिलंत तर तेच दाखवा, त्यातलं त्यांना सगळं कळेल आणि चार चुकाही काढतील. पण आधी ती दोन मुलं. सोमवारी तास आहे म्हणता, मग सोमवारीच.